अडथळा शर्यतीचा भाड्याचा सेट: बोगद्याला पैकीच्या पैकी, बाकीचं वाचून ठरवा

आमच्या वाडीच्या पूजेला लहान मुलांसाठी अडथळा शर्यतीचा सेट भाड्याने आणला होता, त्याबद्दल आत्तापर्यंत सात-आठ जणींनी फोन करून विचारलं, कुणाकडून आणला, किती घेतले, आमच्या बालवाडीत बोलवू का, म्हणून म्हटलं एकदाच बैजवार लिहून टाकते. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि अर्ध्या चुका आमच्याही आहेत. मूळ धंदा मंडप-डेकोरेशनचा, मुलांच्या खेळाचं सामान हा नवीन जोडधंदा, आणि ते "नवीन" पुढे जागोजागी दिसतं.

आधी आमची परिस्थिती. गुहागर तालुक्यातली किनाऱ्याची वाडी, एरवी घरटी दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा, पण मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेला सगळे चाकरमानी येतात आणि मग पडवीत चपला काढायला जागा उरत नाही. यंदा पोरं मोजली तर एक्केचाळीस, त्यातली सहा वर्षांच्या आतली सत्तावीस! मंडळाच्या मीटिंगमध्ये मांडव, जेवण, रात्रीचं नमन (आमच्याकडचं लोकनाट्य) आणि लाऊडस्पीकर यांवर दीड तास भांडण झालं आणि उठता उठता अध्यक्ष म्हणाले, "पोरांच्या खेळाचं वहिनी बघतील." झालं, ठराव पास. मला दरवर्षीची संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा परत करायचा नव्हता, कारण त्यात चार वर्षांचं पोर पहिल्याच फेरीत आऊट होतं आणि मग पुढचा अर्धा तास आईच्या पदराला धरून भोकाड पसरतं, आणि बक्षीस दरवर्षी त्याच दोन दांडग्यांना. मला असं काहीतरी पाहिजे होतं की ज्यात कुणी आऊटच होत नाही. रांगा, उडी मारा, तोल सांभाळा, वाकून जा, आणि परत पहिल्यापासून. म्हणून हा सेट.

व्हॉट्सॅपवर त्याने फोटो पाठवले, ते बघून कुणीही भुलेल. दोन कापडी बोगदे, बारा रिंगा, वीस कोन, सहा हर्डल, तोल सांभाळायचा लाकडी बीम, आठ रंगवलेले टायर, ए आकाराची चढायची शिडी, आणि या सगळ्याच्या मागे हवा भरलेला भला मोठा डोंगर, ज्याला आमच्याकडची पोरं आकार कसलाही असो "मिकी माऊस"च म्हणतात. मांडायला दोन मुलगे. साडेसहा हजार, गाडीभाडं दीड हजार वेगळं, दोन हजार डिपॉझिट. मी विचारलं, कुठल्या वयाला चालतं? तर म्हणाला, "मॅडम, तीन ते बारा, सगळ्यांना चालतं." इथेच मला शंका यायला पाहिजे होती. तीन वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या पोराला एक चड्डी चालत नाही तर एक शिडी कशी चालेल? पण डोक्यात जेवणाच्या पत्रावळींचा हिशोब चालू होता, जीपे करून मोकळी झाले.

आता जागा. अध्यक्षांना समुद्रावरच पाहिजे होतं, कारण त्यांचा भाचा ड्रोन घेऊन आलेला. मी म्हटलं शाळेचं मैदान घेऊया, तर ते जांभ्याचं, पडलं की गुडघा सोलून निघतो. हा मुद्दा मान्य झाला आणि वाळूच ठरली. पण कुठली वाळू? मुंबईकर म्हणाले खालची, ओली, घट्ट, पळायला बरी. तेव्हा कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले भाऊकाका म्हणाले, "काल पौर्णिमा ना? उद्या साडेबाराला भरती, ती पण उधाणाची. तुमचे खेळ लांबले की पोरं होडीतून आणावी लागतील." आमच्याकडच्या लोकांना हे सांगावं लागू नये खरं तर. पौर्णिमा-अवसेच्या आसपास भर दुपारी भरती आणि सकाळी-संध्याकाळी ओहोटी, अष्टमीच्या सुमाराला त्याच्या बरोबर उलट आणि तेव्हा भांग, म्हणजे बेताची भरती, असल्यामुळे पाणी फार वर चढतही नाही, आणि रोज साधारण पाऊण तासाने भरती पुढे सरकते. तारीख ठरवायच्या आधी पंचांग उघडलं असतं तर आठवडाभर पुढची तारीख किनाऱ्याला सोयीची होती, पण पूजेची तारीख गुरुजींच्या आणि कोकण रेल्वेच्या रिझर्वेशनच्या हातात. शेवटी सुरूच्या बनाच्या कडेची वरची कोरडी वाळू ठरली, साडेसातला सुरू, साडेनऊला बंद, मग पूजा.

सकाळी सहाला मी आणि मोठी चार पोरं खराटे घेऊन वाळू झाडायला गेलो. ही गोष्ट कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाही आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. पन्नास पावलांच्या तुकड्यात बाटलीच्या काचेचे तीन तुकडे, जाळ्याच्या नायलॉनचे गुंते, धारदार कालवांची टरफलं आणि एक गंजका गळ निघाला, आकड्यासकट. पोरं अनवाणी खेळणार होती. तो गळ मी अध्यक्षांच्या हातात ठेवला, काही बोलले नाही.

गाडी साडेसहाला येणार होती ती आली पावणेनऊला. छोटा हत्ती वळणावर अडकला, मग रस्ता चुकला, मग चहा. तोवर सत्तावीस पोरं नव्या कपड्यांत वाळूत लोळून झाली होती. याचा एक गुण कापला. पण बरोबरचे दोन मुलगे मात्र कामाचे हो, एकोणीस-वीस वर्षांचे, उतरल्या उतरल्या पाणी पण न पिता सामान काढायला लागले, आणि दिवसभर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्यासाठी पाव गुण परत.

आता सामान. बोगद्यापासून सुरू करते कारण तोच हिरो. लाल-निळं नायलॉन, आत स्प्रिंगसारखी तार, पिशवीतून काढला की फटाक करून सहा फूट लांब होतो. पोरं एकदम पुढे सरसावली आणि तोंडाशी येऊन सगळी थबकली. आत अंधार. आमच्या दिरांची चिमी, साडेतीन वर्षांची, वाकली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे जाऊन तिने फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. भाड्यावाल्याचा मुलगा म्हणाला, "जा जा, काही नाही होत." असं म्हणून तीन वर्षांचं पोर कुठे जात नसतं. मग मला सुचलं की ही स्प्रिंग आहे, दाबली तर दबेल. दोघींनी दोन्हीकडून दाबून बोगदा दीड फुटाचा केला, नुसती जाड रिंगच म्हणा ना, पलीकडे तिची आई बसवली, आणि चिमी एका दमात आरपार. दुसऱ्या फेरीला हातभर लांब केला. तिसऱ्याला अजून हातभर. पाचव्या फेरीला पूर्ण सहा फूट झाला आणि बाई आतमध्येच बसून राहिल्या. बाहेरून सासूबाईंचा आरडाओरडा, "अगो बाहेर काढा तिला, गुदमरेल ती," आणि आतून शांत आवाज, "थांबा, मी समुद्र ऐकते." मी पण नंतर डोकं घालून बघितलं, खरंच, वाऱ्याने नायलॉन फडफडतं आणि लाटेचा आवाज आत वेगळाच घुमतो. बोगद्याचे साडेसहा हजार द्यावेत की नाही ते तुम्ही ठरवा, मी दिले असते.

दोन सूचना तरी बोगद्याबद्दल. वाळूत तो गडगडतो, त्याच्या बरोबरच्या खुंट्या चिमटीएवढ्या, वाळूत त्यांचा काही उपयोग नाही. तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून दोन्ही अंगांना दोन-दोन लावा, हलत नाही. आणि दहानंतर उन्हात आतून तापतो, सावलीत सरकवा.

हर्डल: जमिनीपासून एक फूट. साडेतीन वर्षांच्या पोराच्या गुडघ्याच्या वर येतं ते. मोठी पोरं उडून गेली, लहान पोरं आडव्या काठीला धरून उभी राहिली, जशी काय बसस्टॉपवर. खाली होत नाही म्हणाले. मग आम्ही त्यांचे पाईप काढले आणि नारळाची अर्धी अर्धी सोडणं उपडी घालून त्यांवर नुसते ठेवले, पाय लागला की पाईप खाली, पोर नाही. हर्डलचे पैसे म्हणजे पाईपचे पैसे.

टायरची गोष्ट जरा नीट वाचा. टायर गोडाऊनमधून थेट गाडीत आणि गाडीतून थेट वाळूत. मांडताना त्यातल्या एका मुलाने चौथा टायर उपडा केला आणि आतून विंचू पडला. लाल, बोटाच्या दोन पेरांएवढा. आमच्याकडे मोठी काळी इंगळी बघून लोक किंचाळतात, पण खरं घाबरायचं ते या बारक्या लाल विंचवाला, आणि त्यातही लहान पोरांना जास्त धोका. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर चालतं हे दाखवून दिलं, त्याआधी कोकणात विंचवाने किती पोरं नेली हे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. भाऊकाकांनी चपलेने त्याचा निकाल लावला आणि मी आठही टायर परत गाडीत चढवायला लावले. तो मुलगा बिचारा सारखं म्हणत होता, "मॅडम आम्ही आठवड्यापूर्वीच धुतलेत." अरे धुतलेस ते बरं केलंस, पण उचलताना आपटून बघ ना! पाणी साचलं तर डासांची पैदास, कोरडे ठेवले तर हे. रंग मात्र सुंदर दिलेत, ते कबूल करते. टायरला शून्य.

शिडीबद्दल मी कदाचित जास्त कडक असेन. लाकूड चांगलं, जोड पक्के, आठ वर्षांच्या पुढच्यांनी मजेत वापरली. पण पायऱ्यांमधलं अंतर टेपने मोजलं तर सात इंच. खेळाच्या सामानाच्या अमेरिकेतल्या सुरक्षा-नियमांत साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची धरतात, कारण लहान पोराचं धड पायाकडून त्यातून खाली जातं आणि डोकं मात्र अडकतं. पोरांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, आपल्या घराच्या खिडकीचे गज बसवताना जुने सुतार हे बघायचे. मी शिडीला ओढणी गुंडाळून "लहानांना बंद" केली, त्यावर दोन मुंबईकर आया माझ्यावर रुसल्या, म्हणे पैसे भरलेत ना. रुसोत.

हे अडकण्याचं निघालंच आहे तर अजून एक, जे मला पण त्या दिवशी उशिरा सुचलं. आमच्याकडे निम्म्या पोरांच्या गळ्यात नजरेचा काळा दोरा, कुणाच्या ताईत, कुणाच्या देवाच्या नावाची माळ. रांगताना, चढताना हा दोरा कशात तरी अडकला तर? आयांना सांगितलं काढा, तर तोंडं बघण्यासारखी झाली. इतक्या गर्दीत, नवीन कपड्यांत, आणि दोरा काढा म्हणते ही! शेवटी सासूबाईंनीच तोड काढली, दोरा गळ्यातून काढून कमरेला करगोट्यात अडकवला. नजर पण नाही लागली, गळा पण मोकळा. हुडी आणि ओढण्या मात्र सरळ काढून सुरूच्या फांदीवर टांगल्या.

आता हवेचा डोंगर, ज्यासाठी खरं तर निम्मे पैसे होते आणि ज्याच्यासाठी पोरं सकाळपासून "मिकी माऊस कधी" करत होती. ब्लोअरला लाईट लागते, समुद्रावर लाईट कुठली? त्याने फोनवर सांगितलं होतं "पॉइंट पाहिजे", आम्ही समजलो पॉइंट म्हणजे जागा. 😀 ही चूक आमची. नमनवाल्यांचा जनरेटर आणला, डोंगर उभा राहिला, आणि उभा राहिल्या राहिल्या डुलायला लागला. साडेनऊ वाजून गेलेले, समुद्राकडून खारा वारा सुटलेला, तो मे महिन्यात चढत्या उन्हाबरोबर चढतच जातो. खुंट्या वाळूत, आणि त्या पण चारच. मी मोबाईलवर आधी वाचून ठेवलं होतं, युरोपातल्या नियमाप्रमाणे असल्या हवेच्या खेळण्याला निदान सहा ठिकाणी बांधायला लागतं आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की पोरं उतरवून हवा काढायची. वाऱ्याचं यंत्र कुणाकडे असतं? पण छोटी झाडं अंगासकट डोलायला लागली की वारा तिशीच्या पुढे गेला असं धरायचं, आणि आमच्या सुरूची कोवळी झाडं तर सूं सूं करून वाकत होती. मी म्हटलं बंद करा. मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही चार माणसं धरून उभी करतो." माणसं धरून उभी! भाताच्या उडवीवर ताडपत्री धरायची आहे का? एकही पोर न चढता डोंगर खाली बसला, तेव्हा जे सामूहिक रडगाणं झालं ते ड्रोनमध्ये नीट रेकॉर्ड झालंय.

म्हणजे आठ हजारांतलं उरलं काय, तर दोन बोगदे, बारा रिंगा, वीस कोन आणि एक बीम. आणि खरी मजा त्यातच झाली, पण ती पण लगेच नाही.

कारण त्या दोन मुलांनी सगळं एका सरळ रेषेत मांडलं, शिट्टी काढली, एकाने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि "फास्ट फास्ट" सुरू केलं. त्यांची काय चूक, त्यांना तसंच शिकवलेलं, गाडीवर पण "कमांडो कोर्स" लिहिलंय. पहिलं पोर निघालं, त्याला दीड मिनिट लागलं. दुसऱ्याला पण दीड. मी रांगेकडे बघितलं आणि हिशोब केला, सत्तावीस पोरं गुणिले दीड मिनिट, चाळीस मिनिटं. म्हणजे एका पोराने दीड मिनिट खेळायचं आणि साडेअडतीस मिनिटं उन्हात रांगेत उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की तीन-चार वर्षांच्या पोराची दिवसाला १८० मिनिटं हालचाल झाली पाहिजे, त्यातली साठ चांगली दम लागेल अशी. आमच्या रांगेत फक्त वाळू एकमेकांच्या केसांत घालायची हालचाल चालू होती. आणि शिट्टीचं तर काय, एक वाजली की सहा पोरं एकदम पळतात आणि दोन रडतात.

मग शिट्टी काढून घेतली (त्याने हसत दिली), आणि दहा मिनिटांत सगळं गोल मांडलं. गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी चार-पाच पोरं सोडून दिली, जो जिथे उभा तिथून सुरू, फिरत राहायचं. पुढच्याला मागे टाकलं तरी चालेल, एखादं ठिकाण सोडलं तरी चालेल. पहिला नंबर नाही म्हटल्यावर दोन बाबांचे चेहरे पडले, पोरांना काही फरक पडला नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना प्रत्येक ठिकाणी हवालदार केलं, डोक्याला गमछा बांधून, आणि त्यांना एकच काम, पडलेलं परत उभं करायचं आणि कुणाला ढकलायचं नाही. काय जबाबदारीने केलं त्यांनी! संगीत खुर्चीत दरवर्षी धसमुसळेपणा करणारा आमचा पुतण्या, नववीतल्या मास्तरांसारखा मागे हात बांधून "बाळा, हळू" म्हणत होता.

सामान कमी पडलं तिथे वाडी उभी राहिली. बीम फूटभर उंच होता, त्याचे पाय काढून जमिनीवर टाकला, तरी एकच होता, म्हणून आप्पांनी गोठ्यामागून पोफळीचे उभे चिरलेले फाळे आणले, सपाट बाजू वर करून दोन टाकले. गोल ओंडका टाकू नका, वाळूत पण लोळतो. रांगायला कुणीतरी जुनं जाळं आणलं ते मी परत पाठवलं, बारीक भोकांच्या जाळ्यात बोटं आणि शर्टाची बटणं अडकतात, त्याऐवजी चार काठ्या रोवून जुन्या साड्या आडव्या बांधल्या, साधारण मांडीएवढ्या उंचीवर. टायरच्या जागी वाळूत नुसते खड्डे काढले आणि मध्ये मध्ये रिंगा, खड्ड्यातून रिंगेत बेडूकउडी. शेवटी करवंटीने बादलीतलं पाणी चार पावलं नेऊन दुसऱ्या बादलीत ओतायचं. हे शेवटचं जाऊबाईंच्या डोक्यातून आलं आणि एवढं हिट झालं की तिथे गर्दी हटेना, कारण निम्मं पाणी अंगावर घ्यायचं लायसन मिळालेलं.

आमच्या अंगणवाडीच्या बाई पण होत्या, त्या म्हणाल्या हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात की साधनं गावातली घ्या. मला ताराबाई मोडकांचं आठवलं. याच किनाऱ्यावर, पार वर बोर्डीला, १९४५ साली त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबादला नेलं, आणि तेव्हा शिंपले, खडे, बिया, पानं हेच सामान. भाड्याने मिकी माऊस आणायला तेव्हा कुणी नव्हतं हे पण आहेच म्हणा. आमच्या बाईंचं गणित मला फार आवडलं, त्या म्हणाल्या, "मुलगा दोन वर्षांचा झाला की दोन्ही पायांवर उडी शिकतो, चारच्या आसपास एका पायावर जमतं, मग तिसऱ्या वर्षी लंगडीचा अडथळा ठेवून त्याला का पाडायचं?" म्हणून एकाच ठिकाणी दोन वाटा केल्या, डावीकडून साध्या उड्या, उजवीकडून लंगडी. कुणाला कुठली ते सांगायचं नाही. पोरं बरोबर आपापली निवडतात, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला हळूच दुसरी करून बघतात, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

साडेनऊला संपायचं ते पावणेअकराला संपलं. गुरुजी सोवळं नेसून मांडवात घड्याळ बघत बसलेले. पाणी वर यायला लागलं होतं पण आम्ही सुरूच्या कडेला असल्याने पोचलं नाही, भाऊकाका मात्र शेवटपर्यंत होडीबद्दल बोलत होते. नुकसान म्हणाल तर दोन खरचटलेली कोपरं, एक हरवलेली चप्पल आणि एका पोराने खाल्लेली वाळू. मध्ये दोनदा कोकम सरबत दिलं, अर्ध्या तासाने एकदा, ते ठरवून, तहान लागली म्हणायची वाट न बघता. एवढ्या उकाड्यात पोरं खेळात असली की पाणी मागत नाहीत.

आता पैशाचं. डोंगर चालला नाही म्हणून मी निम्मे परत मागितले, तो म्हणाला आणला होता ना, हवा पण भरली होती, वाऱ्याला मी काय करू. बरोबर आहे त्याचं पण, पण सहा खुंट्या आणि वाळूच्या जड पिशव्या आणणं तर त्याच्या हातात होतं? तीन दिवस फोनाफोनी झाली, चौथ्या दिवशी स्वतःहून पंधराशे परत पाठवले आणि म्हणाला टायर सगळे काढून टाकलेत. खरंच काढलेत की नाही ते बघायला मी गेले नाही. पण फोन उचलतो, उर्मट बोलत नाही, हे आजकाल कमी आहे का.

बोलवायचा असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. सुटं सामान देतो, विचारल्याशिवाय सांगत नाही. दोन बोगदे, रिंगा आणि कोन एवढंच सांगा, मुलगे नकोत म्हणून सांगा किंवा शिट्टी घरी ठेवून पाठवा म्हणा. आम्हाला नंतर याचे अठराशे सांगितले, गाडी पण लागत नाही, एसटीच्या टपावर येईल इतकं सामान आहे. आठ वर्षांच्या पुढची पोरं जास्त असतील तर शिडी आणि हर्डल घ्या, ती चांगली आहेत. डोंगर घ्यायचा तर शाळेच्या आवारात, आडोशाला, सकाळी, आणि वारा बघून. सेटला पाचपैकी तीन, त्यातला एक अख्खा बोगद्याचा.

डिपॉझिटमधून त्याने तीनशे कापले, बोगदा फाटला म्हणून. तो पोरांनी नाही फाडला. जेवणं चालू असताना सुरूखाली बोगदा तसाच पसरलेला राहिला आणि भाऊकाकांचा बोकड आत शिरला, त्याला पण मधोमध गेल्यावर अंधाराची भीती वाटली असणार, पण त्याच्यासाठी बोगदा दाबून दीड फुटाचा करायला कुणी नव्हतं, त्यामुळे तो बाजूने बाहेर आला. तीनशे मी भाऊकाकांकडे मागितले. ते म्हणाले, "त्याने पण फेरी मारली ना, मग त्याची वर्गणी समज."